साडेचार तासांचा विषय

"आकडा द्या," डीनबाई म्हणाल्या. "कुठलाही द्या असं मी म्हणत नाही. पण आकडा द्या."

लांब टेबलाभोवती बसलेल्या प्राध्यापकांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. विद्यापीठाच्या वरच्या मजल्यावरून आदेश आला होता. यापुढे प्रत्येक विषयाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, या विषयाला आठवड्याला किती तास घरचा अभ्यास लागतो, ते छापायचं. मुलं नापास का होतात यावर वरच्या मजल्याने पुष्कळ विचार केला होता, आणि किती अभ्यास करायचा हे त्यांना कोणी सांगतच नाही, असं कारण सापडलं होतं. कारण वाईट नव्हतं. शिवाय त्यावरचा उपाय एका ओळीत मावत होता.

"माझ्या विषयाला वीस लिहा," पदार्थविज्ञानवाले म्हणाले. "वीसपेक्षा कमी लिहिलं तर मुलांना विषय हलका वाटतो."

"वीस वाचून ती दारातूनच परत जातील," साहित्यवाल्या बाई म्हणाल्या. "आमच्याकडे आधीच बोटांवर मोजण्याएवढी उरलीत. आमच्यापुढे शून्य लिहिता येईल का?"

"शून्य हा आकडा आहे का?" डीनबाईंनी विचारलं आणि त्या उत्तरासाठी सरासरी सरांकडे वळल्या.

सरासरी सर संख्याशास्त्र शिकवत. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सक्तीचा असलेला तो विषय, आणि बावीसएक वर्षं तोच एक विषय शिकवणारे ते एकटे सर. नाव मुलांनी पाडलेलं. उंची मधली, चष्म्याचा नंबर मधला, चपलेचं माप दुकानात सगळ्यात आधी संपतं ते. घरसुद्धा इमारतीच्या मधल्या मजल्यावर. सरांना या नावाचा राग नव्हता. सरासरी होणं त्यांना सोपं वाटत नसे; त्यासाठी दोन्ही बाजूंना बरीच माणसं लागतात. एवढ्या वर्षांत त्यांना कुठल्या समितीवर कोणी घेतलं नव्हतं आणि बैठकीत खिडकी बंद करायला सांगण्यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं.

"शून्य हा आकडा आहे," सर म्हणाले. मग स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात पुढे बोलले, "पण आकडा आपण ठरवायचा नसतो. जी मुलं हा विषय पास झाली, त्यांना विचारायचं. त्यांनी खरोखर किती तास अभ्यास केला ते घ्यायचं आणि सरासरी काढायची. शास्त्र असंच असतं."

शास्त्र हा शब्द या खोलीत बऱ्याच दिवसांनी निघाला होता.

"मग तुमच्याच विषयापासून सुरुवात करू," डीनबाई म्हणाल्या. "समितीचे अध्यक्ष तुम्ही."

"समितीत आणखी कोण?"

"सध्या तुम्हीच."

घरी जाताना सर जिने चढण्याऐवजी लिफ्टने गेले. अध्यक्षाला शोभेल असं त्यांना तेवढंच सुचलं.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांनी मोठ्या सभागृहात बसवलं आणि कागद वाटले. एकच प्रश्न होता. "नाव लिहू नका," सरांनी सांगितलं. "जे असेल ते खरं लिहा. कमीजास्त काही असलं तरी कोणी रागावणार नाही." त्यांनी सगळी खबरदारी घेतली होती. फक्त मित्राच्या शेजारी मित्र बसू नये, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

कागद हातात पडताच प्रत्येकाने शेजारी पाहिलं. तिसऱ्या ओळीत वर्गात पहिला येणारा मुलगा बसला होता. त्याला सगळे 'सुट्टी' म्हणत. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यासाचं विचारलं तरी तो सांगायचा, मी तर सुट्टीवर आहे.

"सुट्टी, किती लिहिलेस रे?"

"तीन."

"तीन? आठवड्याला?"

"दोनच लिहिणार होतो. पण सरांना खोटं वाटेल म्हटलं."

मागच्या ओळीतल्या एका मुलीने आपल्या कागदावरचा चौदा खोडला आणि तिथे चार लिहिलं. तिच्या शेजारणीने ते पाहिलं आणि साडेतीन लिहिलं.

विद्यार्थी आईला सांगतो की दिवसभर अभ्यास करत होतो, आणि मित्राला सांगतो की पुस्तकाला हात लावला नाही. दोन्ही खोटं असतं, पण दोन्हींशिवाय त्याचं चालत नाही. सरांनी प्रश्न विचारला तो आईच्या आवाजात, आणि उत्तरं आली ती मित्राला द्यायची.

सुट्टीचं बोलणं सरांच्या कानावर पडलं होतं. ते हसले आणि पुढे गेले. माणसं थोडं खोटं बोलणारच, हे त्यांना मान्य होतं. कोणी वाढवून सांगेल, कोणी कमी करून. दोन्ही बाजूंचं खोटं एकमेकांना खाऊन टाकतं आणि मध्ये सत्य उरतं, असं ते वर्षानुवर्षं फळ्यावर घंटेच्या आकाराची रेघ काढून शिकवत आले होते. सगळ्या सभागृहाचं खोटं एकाच बाजूला कललेलं असेल तर काय होतं, याचाही एक धडा पुस्तकात होता. तो ऐच्छिक होता. वेळ पुरत नाही म्हणून सर तो दर वर्षी गाळत.

सरासरी साडेचार आली. सरांना ती बघताक्षणी आवडली. पूर्ण आकडा कोणी मनानेही सांगतो. मागे अर्धा असला की मोजल्यासारखा दिसतो.

पुस्तिका छापून आली. पहिल्या पानावर: अपेक्षित अभ्यास, आठवड्याला साडेचार तास. त्याखाली बारीक अक्षरांत समितीच्या अध्यक्षांचं संपूर्ण नाव. ती पुस्तिका पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना मिळाली, तशी सरांच्या घरात राहून शिकणाऱ्या त्यांच्या भाचीलाही मिळाली.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहीण बसने दिवसभर लागेल अशा लांबच्या गावी दवाखान्यात नर्स होती. नवरा मुलगी रांगत असतानाच गेलेला. त्या घरात विद्यापीठापर्यंत कोणी पोचलं नव्हतं, आणि मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा बहीण फोनवर एवढंच म्हणाली होती, "दादा, तिला थोडा वेळ लागतो. पण एकदा डोक्यात गेलं की जात नाही."

हे खरं होतं. भाची धडा तीनदा वाचायची, तोंडाने पुटपुटत, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत येरझारा घालत. चुकलेलं गणित ती खोडत नसे. शेजारी परत करी, मग परत करी. मामीने तिचं नाव गिरणी ठेवलं होतं. "आमची गिरणी सुरू झाली," ती शेजारणीला सांगायची, "आता बाकी काही ऐकू यायचं नाही." पुस्तिका येण्याआधीच्या पहिल्या चाचणीत या गिरणीचा नंबर शंभरातल्या पहिल्या दहांत लागला होता.

पुस्तिका मिळाली त्या दिवशी जेवताना तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "मामा, साडेचार म्हणजे धडा वाचायचा वेळ धरून, की सोडून?"

"धरून."

"आणि गणितं?"

"तीही धरून. घरी पुस्तक उघडल्यापासून मिटेपर्यंत."

"चुकलेलं परत केलं तर?"

अध्यक्षांनी घास गिळला. हे प्रश्नावलीत नव्हतं. "तेही त्यातच आलं."

"हे हुशार मुलांचं आहे, की साध्या?"

"सगळ्यांचं मिळून. जी पास झाली त्यांचं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"तिला लागतो तेवढा वेळ घेऊ दे की," मामी म्हणाली. "तुमचं साडेचार विद्यापीठातच ठेवून या."

"मी कुठे काय म्हटलं? तिने विचारलं, मी सांगितलं. माहिती आहे ती. माहितीने कोणाचं वाईट होत नसतं."

बाकीच्या विषयांचे आकडे मग भराभर आले. पाहणीच्या भानगडीत कोणी पडलं नाही. सगळ्यांनी साडेचाराकडे बघून आपला लावला. पदार्थविज्ञानवाले वीसवरून सहावर उतरले. साहित्याने चार घेतले. जिन्यालगतच्या भिंतीवर पेंटर बोलावून सगळे आकडे हातभर अक्षरांत रंगवले गेले, आणि आठवडाभरात मुलांना टोमणा मारायला एक नवा शब्द मिळाला. शुक्रवारी कोणाच्या हातात पुस्तक दिसलं की मागून आवाज यायचा, "काय हो, अजून साडेचारच चाललेत का?" वाचनालय ओस पडलं. ग्रंथपालांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि निम्म्या खुर्च्या एकमेकींवर रचून भिंतीला लावल्या. डीनबाईंनी ते पाहिलं आणि वरच्या मजल्याला कळवलं की जागेची बचत झाली आहे.

घरातली गिरणी बंद पडली.

एकदम नाही. आधी पुटपुटणं गेलं. मग येरझारा गेल्या. मामी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाली, तर पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर भाची बसलेली. मामीची चाहूल लागताच तिने मांडीवरचं काहीतरी झटकन ओढणीखाली घेतलं. त्या वयाची मुलं लपवतात अशा सगळ्या गोष्टी तिला एका क्षणात आठवून गेल्या.

"काय आहे ते?"

"काही नाही, मामी."

"दाखव."

ओढणीखालून संख्याशास्त्राचं पुस्तक निघालं.

"अगं, हे काय लपवायचं?"

भाची हसली. "सोमवार-मंगळवारीच संपतात ना माझे साडेचार. मग पुढे बसलेलं बरं दिसत नाही."

मामीने हे नवऱ्याला सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे तिची पद्धत चुकते आहे. कमी वेळात कसं बसवायचं ते शिकेल हळूहळू." ते हे चांगल्या मनाने म्हणाले. भिंतीपलीकडे भाचीला ऐकू गेलं, आणि तिनेही ते चांगल्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने गच्चीवर जाणं सोडलं. ती हॉलमध्ये सगळ्यांसमोर, भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची घेऊन बसू लागली. वेळ भरली की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटायची. उरलेल्या वेळात ती मामीला कामात मदत करी, शेजारच्या बाळाला खेळवी, विचारलं की हसून उत्तर देई. तिच्यासारखी शहाणी मुलगी अख्ख्या इमारतीत नाही, असं शेजारीण म्हणाली.

"मला काही हे ठीक दिसत नाही," मामी म्हणाली. "पोरगी हल्ली कशालाच नाही म्हणत नाही."

दुसऱ्या चाचणीचा निकाल लागला. वरची थोडी मुलं होती तिथेच राहिली. बाकी वर्ग घसरला. लांबून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी, छापलेल्या शब्दाला मान देणारी मुलं सगळ्यात जास्त घसरली. भाची नापास झाली. सर तिची उत्तरपत्रिका घरी घेऊन आले. प्रत्येक गणित मध्यापर्यंत बरोबर होतं आणि तिथे थांबलं होतं.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले.

"नाही मामा. तुम्हीच शिकवलंय ना." ती शांतपणे, धड्यातलं उदाहरण सांगावं तसं सांगू लागली. "बाकी सगळं सारखं ठेवायचं, मग जो फरक उरतो तो त्या वस्तूचा. आधी मी तिप्पट वेळ घ्यायचे, म्हणून बरे मार्क पडायचे. आता सगळ्यांएवढाच घेतला. पुस्तक तेच, सर तेच. म्हणजे फरक माझा."

सरांना या मांडणीत एकही चूक सापडली नाही. इतकं नेमकं अनुमान वर्गातल्या कोणीच कधी काढलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांची दाढ ठणकायला लागली. विद्यापीठामागच्या गल्लीत एक दातांचे डॉक्टर होते. पुढच्या खोलीत दोन बाकं आणि मासिकांचा ढीग. सर गालाला हात लावून आत शिरले, तर एका बाकावर सुट्टी आणि दुसऱ्यावर आणखी तिघे बसलेले. चौघांच्याही मांडीवर जाडजूड पुस्तकं, हातात पेन्सिली. सरांना बघून चौघेही उभे राहिले.

"चौघांचीही दाढ दुखते?" सरांनी विचारलं.

आतून कंपाउंडर डोकावला. "पेशंट नाहीत ते. रोज येतात बिचारे. पंखा आहे, बसतात. डॉक्टर काही म्हणत नाहीत. गर्दी दिसते तेवढीच."

"रोज?" सरांनी सुट्टीकडे पाहिलं. "तू तर आठवड्याला तीन तास लिहिले होतेस."

"सर, ते तसंच लिहितात ना," सुट्टी खाली बघत म्हणाला.

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे... खरं कोण लिहितं? मी रोज चार-पाच तास बसतो. पण ते लिहिलं तर वर्गात तोंड कसं दाखवायचं? म्हणतील, एवढं घासून पहिला आला, मग त्यात काय." त्याने आवाज खाली केला. "आणि सर, कोणाला सांगू नका. इथे आपल्यातलं कोणी येत नाही म्हणून तर येतो."

सरांची दाढ आत काढली गेली. भूल दिलेली असल्यामुळे त्यांना काही कळलं नाही. खुर्चीत तोंड उघडं ठेवून ते वरच्या दिव्याकडे बघत होते आणि भिंतीवरचे हातभर आकडे त्यांना एकेक करून दिसत होते.

संध्याकाळी कापूस दाताखाली धरूनच त्यांनी भाचीला समोर बसवलं. "आकडा खोटा आहे," ते म्हणाले. "मुलांनी कमी करून सांगितलं. सगळ्यांनी. पहिला येणारा मुलगा रोज चार-पाच तास बसतो. तुझ्यापेक्षा कमी नाही. तू जे करत होतीस तेच बरोबर होतं."

भाचीच्या चेहऱ्यावर दाटून आली ती माया होती. मामाला एवढं बोलावं लागतं आहे याचं तिला वाईट वाटलं.

"मामा, तुम्ही माझ्यासाठी आकडा नका बदलू."

"मी बदलत नाहीये. तो चुकलाय."

"छापलाय ना. खाली तुमचं नाव आहे. तुम्ही मोजल्याशिवाय नाव घातलं असतं का?"

"चल माझ्याबरोबर. दाखवतोच तुला."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाकांवर एकच बाई होती, गालाला रुमाल बांधून. "गेले सगळे," कंपाउंडर म्हणाला. "काल तुम्ही बघितलंत ना, म्हणून. आता कुठे बसतात कोण जाणे."

भाचीने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "मामा," ती हळूच म्हणाली, "दाढ काढलीय तिथे फार दुखत नाही ना?"

एक उपाय शिल्लक होता. सरांनी सुट्टीला व्हरांड्यात गाठलं. आजूबाजूला त्याचे मित्र होते, भाची दोन पावलं मागे होती. "हिला सांग," सर म्हणाले. "तू घरी किती अभ्यास करतोस ते खरं सांग."

सुट्टीने मित्रांकडे पाहिलं. मित्रांनी सुट्टीकडे पाहिलं.

"मी?" तो म्हणाला. "मी तर सुट्टीवर आहे, सर."

सगळे हसले. भाचीही थोडी हसली, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

त्या रात्री मामीने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "वारा सुटतो. कपडे उडतात." थोड्या वेळाने तिने विचारलं, "उद्या मी वन्सना फोन करू?" सरांनी होकारार्थी मान हलवली.

बहीण येईपर्यंतच्या दोन दिवसांत बैठक होती. सर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून उठून उभे राहिले.

"साडेचार हा आकडा चूक आहे," ते म्हणाले. "माझी चूक आहे. तो काढून टाकावा."

"कमाल आहे," डीनबाई म्हणाल्या. "आजच मी तुमचं अभिनंदन करणार होते. या वर्षीच्या मुलांची पाहणी आम्ही परत केली. सरासरी तीन आली."

"कारण ती आता साडेचारच्या खाली सांगतात. पुढच्या वर्षी दोन येईल."

"म्हणजे कार्यक्षमता वाढते आहे."

"मुलं नापास होतायत, मॅडम."

"तेच तर. म्हणजे ती तीनसुद्धा करत नाहीत. आकडा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अक्षरं अजून मोठी करायला हवीत." त्यांनी चष्मा काढला आणि समजूत घालावी तशा आवाजात विचारलं, "बरं, साडेचार चूक, तीन चूक. बरोबर आकडा कोणता? तो द्या, आत्ता छापू."

पदार्थविज्ञानवाल्यांनी चहा संपवला.

"माहीत नाही," सर म्हणाले. "प्रत्येकाचा वेगळा असेल."

टेबलाभोवती हसू पसरलं, दुष्टपणाचं नव्हे, थकलेलं. संख्याशास्त्राच्या माणसाने असं म्हणावं, याची गंमत सगळ्यांनाच कळली.

"चुकीचा असला तरी तो आपला आहे," डीनबाई म्हणाल्या. "कोणी खिडकी बंद करता का जरा?"

खिडकी सरांच्याच मागे होती. त्यांनी ती बंद केली.

बहीण आली ती ड्यूटीवरून थेट, पायात दवाखान्यातले पांढरे बूट. तिने मुलीला जवळ घेतलं, कपाळाला हात लावून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग सामान बांधायला सांगितलं. रागावली नाही, रडली नाही.

"दादा, तुला बोल नाही लावत मी," भाची आत गेल्यावर ती म्हणाली. "वहिनीने आणि तू केलंत तेवढं कोणी केलं नसतं. तिची झेपच तेवढी. आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे, मोठ्या सिस्टरांशी बोललेय मी."

"तिची झेप कमी नाहीये," सर म्हणाले. "ती वर्गातल्या पहिल्यासारखाच अभ्यास करत होती. आकडा मी चुकीचा काढला."

बहिणीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. दवाखान्याच्या बाहेर उभं राहून, हे माझ्यामुळे झालं, मी आधी आणायला हवं होतं, असं बोलणारी माणसं तिने रोज पाहिली होती. त्यांना नाही म्हणायचं नसतं.

"हो," ती म्हणाली. "असेल तसं."

"तू तरी ऐक."

"ऐकलं ना दादा. चल, बस चुकेल."

भाची बॅग घेऊन बाहेर आली. मामीच्या पाया पडली, मग मामांच्या. "तुमच्या पुस्तकात मी पेन्सिलने खुणा केल्यात," ती म्हणाली. "खोडायच्या होत्या, पण राहिलं."

"राहू दे."

"वेळ मिळाला तर खोडा. पुढच्या मुलाला त्रास नको."

स्टँडवर बस उभीच होती. बहिणीने बॅग वर टाकली, दोघी आत चढल्या. भाचीने खिडकीतून हात बाहेर काढून सरांचा हात धरला आणि सोडला. ड्रायव्हर चढला. सर मागे सरकले आणि फलाटाच्या कडेला, जिथून बस बाहेर पडते तिथे जाऊन उभे राहिले, म्हणजे जाताना आणखी एकदा दिसेल.

बस मागे आली, आवारात पूर्ण वळली आणि बाहेर पडताना तिची दुसरी बाजू सरांच्या समोर आली. भाची पलीकडे होती. सरांनी हात वर केला होता तो तसाच राहिला, आणि समोरून एकामागून एक खिडक्या गेल्या. एकीत कोणी डोकं टेकून झोपलं होतं. एकीत फक्त पिशवी. शेवटच्या खिडकीत एक अनोळखी म्हातारा होता. आपल्यालाच कोणी निरोप देतंय असं वाटून त्याने घाईघाईने हात बाहेर काढला आणि हलवला.

सरांनीही मग त्याला, बस दिसेनाशी होईपर्यंत, हात केला.